बिल्ल्यावर चेहराच नाही, नुसता कोंबडा: जुने अमेरिकन प्रचाराचे बिल्ले आणि स्ट्रेट टिकेट मतदान

प्रश्न थोडक्यात असा आहे. न्यू जर्सीत एका इस्टेट सेलमधून, म्हणजे कुणाच्या घरातल्या जुन्या सामानाच्या विक्रीतून, जुन्या निवडणूक बिल्ल्यांचा डबा घेतला, त्यात निक्सन, केनेडी वगैरे ओळखीचे चेहरे आहेत, पण काही बिल्ल्यांवर कुणाचंच नाव नाही, नुसता कोंबडा नाहीतर गरुड, आणि ‘व्होट स्ट्रेट डेमोक्रॅटिक’, ‘व्होट स्ट्रेट रिपब्लिकन’, ‘व्होट रो बी’ असलं काहीतरी लिहिलंय. हे काय प्रकरण आहे, खरे जुने आहेत का, किंमत येईल का, की चेहऱ्यांचे ठेवून हे टाकून द्यायचे?

टाकू नका. मी बरीच वर्षं हे बिल्ले जमवतो, विकतो, लोकांच्या डब्यांची छाननी करून देतो, आणि डब्यातून सगळ्यात आधी बाहेर फेकले जातात ते हेच बिनचेहऱ्याचे बिल्ले. मला त्याचं फार वाईट वाटतं, कारण केनेडीचा फोटो काय, कुठल्याही पुस्तकात सापडतो, पण त्या वर्षी त्या राज्यात मतदाराच्या हातात नेमका कसला कागद किंवा कसलं मशीन होतं हे सांगणारी वस्तू म्हणजे हा बिल्ला. मतदाराच्या हाताला दिलेली ती सूचना आहे, इथे खूण कर, हा खटका ओढ. त्यामुळे तो वाचायचा तर आधी ती मतपत्रिका कशी होती ते समजून घ्यावं लागतं, म्हणून जरा लांबून सुरुवात करतो.

आपल्याकडे साखर कारखान्याच्या किंवा बाजार समितीच्या निवडणुकीत ‘पॅनल टू पॅनल मारा’ म्हणतात ना, स्ट्रेट टिकेट म्हणजे साधारण तेच. एका पक्षाचे वरपासून खालपर्यंत सगळे उमेदवार. फरक एवढाच की अमेरिकेत ही यादी अवाढव्य असते, राष्ट्राध्यक्ष, सिनेटर, काँग्रेसमन, गव्हर्नर, राज्याचे आमदार, मग काउंटीचा, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या भागाचा, शेरीफ, क्लार्क, खजिनदार, कोरोनर, बऱ्याच राज्यांत न्यायाधीशसुद्धा, आणि हे सगळं एकाच दिवशी एकाच मतपत्रिकेवर. शेरीफपर्यंत येईस्तोवर माणूस कंटाळतो आणि खालच्या जागा कोऱ्या सोडून देतो, आणि पक्षाच्या स्थानिक माणसाला नेमकी हीच भीती असते, कारण राष्ट्राध्यक्ष कोण होतो त्यापेक्षा कोर्टहाउसमधल्या नोकऱ्या कुणाच्या हातात राहतात ह्यावर त्याचं पोट. हे बिल्ले वॉशिंग्टनमधून आलेले नसतात बहुतेक वेळा, काउंटी कमिटीने पैसे घालून केलेले असतात, आणि म्हणूनच त्यांच्यावर राष्ट्राध्यक्षाचा फोटो नाही.

आता मतपत्रिका. एकोणिसाव्या शतकात बराच काळ अमेरिकेत सरकारी मतपत्रिका नव्हतीच. पक्ष स्वतः आपल्या उमेदवारांची छापील पट्टी काढायचा, तिलाच टिकेट म्हणायचे, पक्षाचा माणूस केंद्राबाहेर ती हातात द्यायचा आणि तुम्ही ती घेऊन पेटीत टाकायची. कागद रंगीत असला, चित्र मोठं असलं की कोण कुणाचं टिकेट टाकतोय हे गावाला लांबून दिसायचं, म्हणजे मालकालाही दिसायचं आणि दादालाही. स्ट्रेट टिकेट देणं हेच सोपं, वेगळं काही करायचं तर नाव खोडायला लागायचं, त्याला स्क्रॅचिंग म्हणत, नाहीतर दुसऱ्या उमेदवाराच्या नावाची डिंक लावलेली चिठ्ठी वर चिकटवायची, तिला पेस्टर म्हणत. ह्या पेस्टरच्या चिठ्ठ्या कधीकधी जुन्या कागदपत्रांत सापडतात, सापडली तर जपून ठेवा.

मग १८८८ साली मॅसॅच्युसेट्सने ऑस्ट्रेलियन पद्धत आणली, म्हणजे सरकारने छापलेली एकच मतपत्रिका, सगळे उमेदवार त्यावर, आणि आडोशाला जाऊन गुप्तपणे खूण करायची. चार-पाच वर्षांत बहुतेक राज्यं तिकडे वळली. पण पक्ष काही गप्प बसणार नव्हते. मॅसॅच्युसेट्सने नावं पदाप्रमाणे छापली, इंडियानाने १८८९ च्या कायद्यात प्रत्येक पक्षाला स्वतःचा उभा रकाना दिला, रकान्याच्या डोक्यावर पक्षाचं चिन्ह, आणि चिन्हापाशी एकच खूण केली की खालच्या सगळ्यांना मत. पुढे कितीतरी राज्यांनी हीच पद्धत उचलली. म्हणजे जुनं टिकेट गेलं असं वाटलं तरी ते सरकारी कागदावर रकाना होऊन परत आलं, आणि ह्या चिन्हांमधूनच तुमचे कोंबडा-गरुडवाले बिल्ले जन्माला आले.

डेमोक्रॅट्सचं गाढव आणि रिपब्लिकनांचा हत्ती सगळ्यांना माहीत असतात, ती थॉमस नास्टच्या १८७० च्या दशकातल्या व्यंगचित्रांनी रूढ केलेली. पण मतपत्रिकेवर कितीतरी राज्यांत डेमोक्रॅट्सचा कोंबडा असायचा आणि रिपब्लिकनांचा गरुड. कोंबड्याची गोष्ट इंडियानातली सांगतात, १८४० च्या निवडणुकीतल्या जोसेफ चॅपमन नावाच्या डेमोक्रॅटशी जोडलेली, ‘चॅपमनला आरवायला सांगा’ ह्या वाक्यावरून. न्यूयॉर्कमध्ये मात्र डेमोक्रॅट्सचं चिन्ह तारा होतं. केंटकीत रिपब्लिकनांचं चिन्ह लाकडी ओंडक्यांची झोपडी, लिंकनची आठवण म्हणून. ही झोपडी फार फसवते. १८४० मध्ये राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार विल्यम हेन्री हॅरिसनने लॉग केबिन, म्हणजे अशीच झोपडी, आणि सायडर ह्यावरच अख्खा प्रचार केला होता, त्यामुळे झोपडी दिसली की लोक हर्षभरित होऊन लिहितात की हॅरिसनचा बिल्ला मिळाला. तो जर टिनवर कागद आणि वरून सेल्युलॉइड असा असेल तर तो १८४० चा असूच शकत नाही, तेव्हा ते तंत्रच नव्हतं, तो केंटकीतला बराच नंतरचा मतपत्रिकेचा बिल्ला असण्याची शक्यता जास्त.

‘स्टॅम्प अंडर द रूस्टर’ असं लिहिलेला बिल्ला मिळाला तर तो अशा भागातला समजा जिथे मतदार पेन्सिलऐवजी शिक्का मारायचा. आपल्याला हे लगेच कळतं, ‘ताई माई अक्का, विचार करा पक्का, अमक्यावर मारा शिक्का’ ऐकत वाढलेली माणसं आपण. १९५१-५२ च्या आपल्या पहिल्या लोकसभा निवडणुकीत निरक्षर मतदारासाठी चिन्हं आली, तशीच इथेही वाचता न येणाऱ्याला आणि नुकत्याच बोटीतून उतरलेल्याला रकाना सापडावा हे चिन्हामागचं एक कारण होतं.

चिन्हाची ही गोष्ट सगळ्यात टोकाला गेली ती अलाबामात, आणि इथे जरा थांबतो कारण ह्याचा धागा थेट मुंबईपर्यंत येतो. अलाबामात डेमोक्रॅट्सचा कोंबडा होता आणि त्याच्यासोबत छापलेलं असायचं ‘व्हाइट सुप्रीमसी’. हो, उघड, मतपत्रिकेवर. १९४८ साली तर तिथल्या डेमोक्रॅट्सनी कोंबड्याखाली पक्षाचा अधिकृत उमेदवार ट्रुमन ह्याला ठेवलंच नाही, तिथे वर्णभेदाच्या बाजूचा बंडखोर स्ट्रॉम थर्मंड ह्याचे इलेक्टर, म्हणजे राष्ट्राध्यक्ष निवडणारे प्रतिनिधी, होते, ट्रुमन अख्ख्या राज्यात मतपत्रिकेवर नव्हता, म्हणजे सवयीने कोंबड्यापाशी खूण करणाऱ्याचं मत आपोआप थर्मंडला. त्या वर्षीचा दक्षिणेतला ‘व्होट स्ट्रेट डेमोक्रॅटिक’ बिल्ला हातात आला की आधी राज्य विचारायचं, कारण त्याचा अर्थ राज्यागणिक उलटा होतो.

मग १९६६. लाउंड्स काउंटीत बहुसंख्य लोक काळे, पण १९६५ च्या मतदान हक्क कायद्याच्या आधी मतदार यादीत त्यांची नावं जवळजवळ नव्हतीच. स्टोकली कार्मायकल आणि त्यांची एसएनसीसी ही नागरी हक्कांसाठी लढणारी विद्यार्थी संघटना ह्यांच्या मदतीने तिथल्या लोकांनी कोंबड्याच्या पक्षात शिरायचं नाकारलं आणि काउंटीपुरता स्वतःचा पक्ष काढला, लाउंड्स काउंटी फ्रीडम ऑर्गनायझेशन. कायद्याने चिन्ह हवंच, त्यांनी झेप घेणारा काळा पँथर घेतला. त्यांचा प्रचार स्ट्रेट टिकेटचाच होता, पँथरला मत द्या आणि सरळ घरी जा अशा अर्थाचा, बाकी काही वाचत बसू नका, कारण ज्यांना आयुष्यात पहिल्यांदा मतपत्रिका दिसत होती त्यांच्यासाठी एक चित्र आणि एक खूण हे फार मोठं बळ होतं. नोव्हेंबर १९६६ मध्ये त्यांचे सगळे उमेदवार पडले. पण त्याच ऑक्टोबरमध्ये ओकलंडला ह्यूई न्यूटन आणि बॉबी सील ह्यांनी ब्लॅक पँथर पार्टी काढली ती हेच चिन्ह आणि नाव घेऊन, आणि १९७२ ला मुंबईत नामदेव ढसाळ, राजा ढाले, ज. वि. पवार ह्या मंडळींनी दलित पँथर उभी केली ती त्यांच्यापासून प्रेरणा घेऊन. म्हणजे ज्या पँथरला आपण एक बंडखोर प्रतीक म्हणून ओळखतो तो आधी अलाबामातल्या एका काउंटीच्या मतपत्रिकेवरचं निवडणूक चिन्ह होता. लाउंड्स काउंटीचा अस्सल बिल्ला कुणाच्या डब्यात निघाला तर तो विकायच्या आधी संग्रहालयाला विचारा असं मी हात जोडून सांगतो.

आता लिव्हर. १८९२ साली न्यूयॉर्क राज्यातल्या लॉकपोर्ट गावात मतदानाचं यांत्रिक मशीन पहिल्यांदा वापरलं गेलं आणि विसाव्या शतकात ते सगळीकडे पसरलं. प्रत्येक उमेदवारापुढे छोटा खटका, आणि बऱ्याच राज्यांत पक्षाच्या ओळीच्या टोकाला एक पार्टी लिव्हर, ते ओढलं की त्या ओळीतले सगळे खटके एकदम खाली. त्यामुळे ‘पुल द लिव्हर’ प्रकारचा बिल्ला म्हणजे मशीन आलेल्या भागातला, कागदी मतपत्रिकेच्या गावात त्याला काही अर्थच नव्हता. न्यूयॉर्कच्या मशीनवर पक्ष आडव्या ओळीत असायचे, म्हणून तिकडचे बिल्ले ‘रो ए’, ‘रो बी’ असे बोलतात. ओळीचा क्रम आधीच्या गव्हर्नर निवडणुकीतल्या मतांवरून ठरायचा, साठच्या दशकात तिथे रिपब्लिकन पक्षाचा रॉकफेलर गव्हर्नर होता आणि डेमोक्रॅट्स ‘रो बी’ वर, त्यामुळे तुमच्या डब्यातला ‘व्होट रो बी’ जर केनेडीच्या बिल्ल्यांसोबत निघाला असेल तर तो त्या काळचा डेमोक्रॅटिक बिल्ला असायची चांगलीच शक्यता आहे. न्यू जर्सीत न्यूयॉर्कचा माल येतोच.

खरा-खोटा कसा ओळखायचा ह्याकडे वळू. बिल्ला हातात घेतला की पुढची बाजू नंतर, आधी उलटा करा. सेल्युलॉइडचा बिल्ला म्हणजे टिनची वाटी, तिच्यावर छापलेला कागद, त्यावर सेल्युलॉइडचा पातळ पारदर्शक पडदा, हे सगळं मागून एका धातूच्या कड्याने दाबलेलं आणि कड्यात तारेची पिन. हे तंत्र प्रचारात आलं १८९६ च्या मॅकिन्ली विरुद्ध ब्रायन ह्या राष्ट्राध्यक्षपदाच्या लढतीत, आणि त्यातला मोठा कारखाना तुमच्याच राज्यातला, नेवार्कचा व्हाइटहेड अँड होग. त्यांच्या जुन्या बिल्ल्यांच्या पोटात बारीक कागद चिकटवलेला असतो, कारखान्याचं नाव आणि १८९४, १८९६ च्या पेटंटच्या तारखा छापलेला. हा कागद पिवळा पडलेला असतो, पिनेच्या गंजाची तपकिरी रेघ त्याच्यावर उतरलेली असते, आणि कागद नसेल तर धातू एकसारखा काळपट झालेला. आता भिंग घ्या आणि बाहेरच्या गोल कडेला, जिथे चित्र मागे वळतं तिथे बघा, आम्ही त्याला कर्ल म्हणतो. तिथे कारखान्याचं नाव असू शकतं, बारीक युनियनचं चिन्ह असू शकतं, आणि नक्कल असेल तर बऱ्याचदा तिथेच लिहिलेलं सापडतं. १९६८ मध्ये क्लीनेक्सने आणि १९७२ मध्ये अमेरिकन ऑइलने जुन्या बिल्ल्यांच्या नकलांचे संच वाटले, अमेरिकन ऑइलच्या नकलांवर कडेला ‘ए-ओ’ आणि साल असतं, ते आजही दर आठवड्याला कुणीतरी आजोबांचा मॅकिन्ली म्हणून विकायला आणतं. १९७३ च्या हॉबी प्रोटेक्शन कायद्यानंतर नकलेवर ती कुठल्या साली बनली ते छापणं बंधनकारक झालं. पण बदमाश लोक ती कड खरवडतात किंवा रंगवतात, तेव्हा कडेला खरवडल्याचा ओरखडा दिसला की बाजूला ठेवायचा.

दुसरी खूण आणखी सोपी आहे. काही बिल्ल्यांत कागद-सेल्युलॉइड नसतंच, चित्र थेट टिनच्या पत्र्यावर छापून मग पत्रा गोल कापलेला असतो, त्याला लिथो म्हणतात, नखाने कडेला टोचलं तर कळतं, खरचटलं की खाली चकचकीत पत्रा. लिथो बिल्ले साधारण १९१६-२० पासूनचे. तेव्हा लिथोवर मॅकिन्ली, ब्रायन किंवा १९०४ चा थिओडोर रूझवेल्ट दिसला तर विषय संपला, ती नक्कल. तुमच्या कोंबड्यांचं मात्र एक बरं आहे, बिनचेहऱ्याच्या स्वस्त बिल्ल्याची नक्कल करण्यात कुणाला फारसा फायदा नव्हता, म्हणून डब्यातले चेहरेच जास्त तपासा.

त्या चेहऱ्यांतही स्ट्रेट टिकेटशी जोडलेला एक प्रकार शोधा, कोटटेल. राष्ट्राध्यक्षाच्या उमेदवारासोबत गव्हर्नर, सिनेटर किंवा अगदी शेरीफचं नाव, म्हणजे मोठ्याच्या पुण्याईवर छोट्याने तरून जायचं. न्यूयॉर्कचे रूझवेल्ट आणि लेहमन एकत्र असलेले बिल्ले ह्याचं चांगलं उदाहरण, १९३२ ला एक राष्ट्राध्यक्षपदाला आणि दुसरा गव्हर्नरपदाला उभा होता. कोटटेल कमी संख्येने, एकाच राज्यात निघायचे, म्हणून त्याच माणसाच्या साध्या बिल्ल्यापेक्षा जास्त भाव खातात. नुसत्या राष्ट्राध्यक्ष आणि उपराष्ट्राध्यक्षाच्या जोडीला जुगेट म्हणतात, त्यातला १९२० चा कॉक्स आणि फ्रँकलिन रूझवेल्टचा जुगेट इतका दुर्मिळ की त्याच्यासाठी लिलावात लोक घराची किंमत मोजतात. आणि मॅकगव्हर्न-इगल्टन, १९७२, ज्यातला इगल्टन उमेदवारी मिळाल्यावर तीन आठवड्यांच्या आत बाहेर पडला, तो दुर्मिळ असेल असं सगळ्यांना वाटतं, तो मुबलक आहे, त्याच्यासाठी कुणी जास्त पैसे मागितले तर देऊ नका.

ह्याच्या उलट्या बाजूचे बिल्लेही सोबत ठेवा, १९६४ चे ‘रिपब्लिकन्स फॉर जॉन्सन’, १९७२ चे ‘डेमोक्रॅट्स फॉर निक्सन’. ज्या माणसाने आयुष्यभर कोंबड्यापाशी खूण केली त्याला एका जागेपुरतं बाहेर यायची परवानगी देणारे हे बिल्ले, आणि दोन्ही एका फ्रेममध्ये लावले की पक्षाचा ताबा कसा सैल होत गेला ते मुलांनाही समजतं.

एकाच खुणेत अख्खा पक्ष हा पर्याय आता फार थोड्या ठिकाणी उरलाय. पेनसिल्व्हेनियाने २०१९ ला काढला, टेक्सासमध्ये २०२० पासून बंद. मिशिगनमध्ये विधिमंडळाने काढला होता, लोकांनी २०१८ ला जनमताने परत आणला. २०२४ च्या निवडणुकीत अलाबामा, इंडियाना, केंटकी, मिशिगन, ओक्लाहोमा आणि साउथ कॅरोलिना एवढीच राज्यं होती. माझं मत विचाराल तर हा पर्याय मतदाराला आळशी करतो हे मला पटत नाही, लांबलचक रांगेत उभ्या राहिलेल्या आणि डोळ्याने कमी दिसणाऱ्या माणसाचा त्याने वेळ वाचतो, पण त्याचा तोटाही खरा आहे, राष्ट्रीय लाटेत चांगले स्थानिक न्यायाधीश नुसत्या पक्षाच्या नावावर वाहून जातात. नॉर्थ कॅरोलिनात तर कित्येक दशकं पक्षाची एक खूण केली तरी राष्ट्राध्यक्ष त्यात धरला जायचा नाही, तो वेगळा निवडायचा, आणि काही लोक नेमकं तेच विसरून घरी जायचे.

किंमतीचं सांगतो. साधा, नंतरच्या काळातला ‘व्होट स्ट्रेट’ लिथो बिल्ला पाच-दहा डॉलरच्या आसपास, जुना सेल्युलॉइड, चिन्ह स्पष्ट, काउंटीचं किंवा गावाचं नाव असलेला त्याच्यापेक्षा बराच वर. गावाचं नाव असलं की त्या गावातला कुणीतरी वेडा माणूस तो घेतोच. अमेरिकन पोलिटिकल आयटम्स कलेक्टर्स ही १९४५ पासूनची संस्था आहे, त्यांच्या शोमध्ये घेऊन गेलात तर चार जाणकार फुकट बघून सांगतील, ऑनलाइन विकायची घाई करू नका.

आणि कृपा करून धुऊ नका. पाणी कडेतून आत शिरतं, कागदावर तपकिरी डाग पडतात, त्याला फॉक्सिंग म्हणतात, तो कशानेही जात नाही आणि किंमत निम्म्याच्या खाली येते. कोरड्या मऊ कापडाने पुसा, बस. पिन सरळ करायला जाऊ नका, तुटते. प्लॅस्टिकच्या मऊ पिशव्यांतून काढा, काच लावलेले कापसाचे डबे मिळतात, रायकर माउंट म्हणतात, त्यात ठेवा, गरम पोटमाळ्यावर आणि उन्हात नको, जुनं सेल्युलॉइड पटकन पेट घेतं आणि उष्णतेने तडकतं. डब्यासोबत काही पावत्या, पत्रकं, जुन्या नमुना मतपत्रिका निघाल्या असतील तर त्या बिल्ल्यांपासून वेगळ्या करू नका, कुठला कोंबडा कुठल्या काउंटीचा हे त्याच सांगणार. बिल्ल्यांच्या मागच्या बाजूचे आणि कडेचे फोटो चांगल्या उजेडात काढून इथे टाका, एकेकाचं राज्य आणि साधारण साल सांगतो.